बत्तीस आलं कुठून?

अमेरिकेत आलेला मराठी माणूस लवकरच एक हिशोब शिकतो. सेल्सियसची दुप्पट करा, त्यातून दहावा हिस्सा काढा आणि ३२ मिळवा. २५ चे ५०, ५० चे ४५, त्यात ३२ घातले की ७७. उत्तर अगदी बरोब्बर येतं. मग प्रश्न पडतोच, ही ३२ची काय भानगड? पाणी शून्याला गोठवायला काय झालं होतं यांना?

मला विचाराल तर त्या ३२ मध्ये वेडेपणा नाही, एका कारागिराची सोय आहे.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट १६८६ साली डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जन्मला. १७०१ मध्ये आईवडील विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी गेले आणि पोराला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला धाडण्यात आलं. त्याचं मन मात्र रमलं काचेच्या नळ्यांत. १७०८ मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाला भेटला. रोमरच्या मापात बर्फ साडेसातला आणि अंगाची ऊब साडेबावीसला. अपूर्णांक कोण कोरत बसणार? फॅरनहाइटने सगळ्याची चौपट केली, ३० आणि ९०. पुढे तेही सरकवून ३२ आणि ९६ केले. का? कारण मधलं अंतर झालं ६४. नळीवर दोन खुणा करायच्या आणि मधली जागा सहा वेळा निम्मी निम्मी करत जायचं, की ६४ भाग तयार! साठ भाग असे पाडून बघा. (शून्य म्हणजे बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण, असं त्याने १७२४ च्या निबंधात लिहिलं.)

त्याचं खरं कर्तृत्व वेगळंच. १७१४ मध्ये त्याने हाले गावच्या ख्रिस्टियन वोल्फला दोन तापमापक दिले आणि दोन्ही जवळजवळ एकच आकडा दाखवत होते! तोवर हे दुर्मिळच होतं.

सेल्सियससाहेबांनी १७४२ मध्ये शंभर भाग केले खरे, पण उलटे: उकळतं पाणी शून्य, बर्फ शंभर. १७४४ मध्ये ते वारल्यावर लोकांनी ते सुलटं केलं.

अमेरिकेने १९७५ मध्ये मेट्रिकचा कायदा केला, पण ऐच्छिक. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलं. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, हवाही सेल्सियसमध्ये गेली, पण ताप? तो घरोघर फॅरनहाइटमध्येच राहिला. त्यामुळे फोनवर "बाळाला १०१ आहे" म्हटलं की आईला लगेच कळतं, आणि "आज इथे तीस आहे" म्हटलं की ती म्हणते, "मग पंखा लाव की." इथे बाहेर बर्फ पडलेलं असतं!

९८.६ चीही गंमत आहे. जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी १८६८ च्या पुस्तकात निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ सेल्सियस दिलं. हा ठोकळ आकडा. इंग्रजीत आणताना त्याचं रूपांतर झालं आणि मागे .६ चं शेपूट चिकटलं. वरचाच हिशोब करा: ७४, ६६.६, ९८.६. त्या शेपटाच्या जोरावर ९९ दिसले की आपण पोराला शाळेत पाठवत नाही.