बांधल्या भावाची कुळकथा

आवणीच्या दिवसांत कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर कणगी रिकामी व्हायची आणि पाय सावकाराच्या ओटीकडे वळायचे. आज उचललेलं भात सुगीला दीडपटीनं फेडायचं. नडलेल्याला नाडण्याचा हा धंदा जुना, त्यावरचा बंदोबस्तही जुना. कौटिल्यानं देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 एवढीच नफ्याची मुभा दिली होती.

आपला आजचा कायदा मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या पोटी जन्मला. 1939 मध्ये लढाई पेटली आणि भारत संरक्षण नियमांखाली सरकार भाव बांधू लागलं. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला. पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. लढाई संपली तरी टंचाई संपेना, म्हणून 1946 मध्ये 'तात्पुरत्या अधिकारां'चा कायदा झाला. सरकारी तात्पुरतेपणाच तो! 1955 मध्ये अत्यावश्यक वस्तू कायदा होऊन तो कायमचा ठाण मांडून बसला. 1980 मध्ये काळाबाजारवाल्याला सहा महिने स्थानबद्ध करण्याची सोयही झाली.

माथेरानचे वकील भाई कोटवाल या कायद्यांसाठी थांबले नव्हते. सावकाराचं दार चुकावं म्हणून त्यांनी कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या काढल्या. मुंबईत रेशनिंग आलं त्याच वर्षी, 2 जानेवारी 1943 रोजी, स्वातंत्र्यलढ्यात ते सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मला त्यांचा उपाय कायद्याहून शहाणा वाटतो. नुसता भाव बांधला की माल दुकानाच्या मागच्या दारानं जातो. गावात साठा असला की अडवणूक करायची कोणाची?

कायद्याचं दुसरं लंगडेपण यादीत आहे. वस्तू 'अत्यावश्यक' ठरली तरच तो चालतो. कोरोनाच्या साथीत, 13 मार्च 2020 रोजी, मास्क आणि सॅनिटायझर यादीत आले, मग तीनपदरी मास्कला 10 आणि 200 मिलीलीटर सॅनिटायझरला 100 रुपयांची मर्यादा लागली. जूनअखेर ते यादीतून बाहेरही पडले. न्यूयॉर्क राज्यानं 1979 मध्ये केलेला कायदा संकटामुळे बाजार विस्कळीत झाला की जीवनावश्यक वस्तूंना आपोआप लागू होतो. आपल्याकडे तसा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

तो होईतोवर एवढं करा: छापील किमतीपेक्षा कोणी जास्त मागितलं तर बिल घ्या, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि माल दडवलेला दिसला तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेला लेखी कळवा.