कोरोनाच्या काळात घर पाहणे आणि घर बदलणे: काय काळजी घ्यावी?

राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात दिलेली ३ टक्क्यांची सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होती. त्यानंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत ती २ टक्के होती. त्यामुळे तेव्हा अनेक कुटुंबे घाईने घरे पाहत होती. काहींचा भाडेकरार संपला होता. "डॉक्टर, सामान सॅनिटाइझ कसे करायचे?" असे रुग्ण विचारत. खरे तर सामानापेक्षा माणसांची आणि बंद हवेची काळजी जास्त करायला हवी.

हा विषाणू मुख्यतः बाधित व्यक्तीच्या बोलण्या-खोकण्यातून आणि श्वासातून पसरतो. खोक्यांना हात लावून लागण होण्याची शक्यता त्या मानाने कमी असते. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, तेवढे पुरे. हमालांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. त्याने डोळ्यांना आणि त्वचेला इजा होते.

घर पाहताना

आधी व्हिडिओ कॉलवर घर पाहा. आवडले तरच जा, आणि दोघांनीच जा. पोहोचण्यापूर्वी सर्व खिडक्या उघडून ठेवायला सांगा. घरात कोणी राहत असेल तर कोणाला ताप-खोकला आहे का, हे फोनवरच विचारा; तुम्हाला असेल तर भेट पुढे ढकला. लिफ्टमध्ये गर्दी असल्यास जिना बरा. व्यवहाराची बोलणी खाली, मोकळ्या जागेत करा.

सामान हलवताना

कपाट घेऊन चार मजले चढणाऱ्या माणसाचा मास्क खाली येणारच. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. तो आत असताना तुम्ही बाहेर थांबा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, त्याला मोकळ्या हवेत विसावा घेऊ द्या. वृद्धांना सर्वांत शेवटी, हमाल गेल्यावर न्या.

औषधांची पिशवी टेम्पोत टाकू नका. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, इनहेलर आणि फाइल स्वतःजवळ ठेवा. किमान १५ दिवसांचा साठा हवा, कारण नव्या भागात दुकान सापडेपर्यंत गोळ्या चुकतात. मधुमेहींनी धावपळीत जेवण टाळू नये. साखर एकदम उतरू शकते. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा, म्हणजे पुढचे उपचार नव्या ठिकाणी जोडून देतात.

घरात कोणी पॉझिटिव्ह असेल तर

सामान हलवू नका. २०२० च्या नियमांनुसार गृह विलगीकरण लक्षणे सुरू झाल्यापासून किमान १० दिवस असे आणि शेवटचे ३ दिवस ताप नसावा लागे. संपर्कातील व्यक्तींना तेव्हा १४ दिवस घरीच राहावे लागे. आज बरे वाटते म्हणजे लागण नाही, असे होत नाही. कराराची मुदत संपत असेल तर घरमालकाला स्पष्ट सांगून मुदत वाढवून मागा. आजार लपवून टेम्पो बोलावला, तर चालकाच्या आणि हमालाच्या घरापर्यंत तो पोहोचतो.

नव्या घरात गेल्यावर १४ दिवस ताप, खोकला, वास न येणे यांकडे लक्ष ठेवा. धाप लागली किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जवळचे रुग्णालय कोणते, हे सामान उतरवण्याआधीच विचारून ठेवा.