अर्ली अ‍ॅडॉप्टर म्हणजे कोण? नवीन टेक्नॉलॉजी आणि ईव्ही सुरुवातीला महाग का असते?

२९ जून २००७ ला अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. ८ जीबी मॉडेलची किंमत होती ५९९ डॉलर. लोकांनी रांगा लावून तो घेतला. सप्टेंबर उजाडला आणि ॲपलने तोच फोन ३९९ डॉलरला केला! आधी घेतलेले लोक इतके चिडले की स्टीव्ह जॉब्सला जाहीर पत्र लिहून त्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं.

फोनमध्ये असा फटका बसला तर आपण दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. पण सात वर्षांचं लोन काढून इलेक्ट्रिक कार घेतली असेल तर? म्हणूनच हे गणित आधी समजून घेऊया.

अर्ली अ‍ॅडॉप्टर म्हणजे कोण?

एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६२ मध्ये नवीन गोष्ट समाजात कशी पसरते याची मांडणी केली. त्यानुसार सगळ्यात आधी उडी घेणारे असतात साधारण २.५ टक्के. त्यांच्या मागून येणारे १३.५ टक्के म्हणजे अर्ली अ‍ॅडॉप्टर. बाकीचे "बघू, आधी दुसऱ्याला घेऊ दे" म्हणणारे. खरं सांगायचं तर आपल्यातले बहुतेक जण यातच मोडतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला किंमत जास्त का?

पहिलं कारण, संशोधन आणि कारखान्याचा खर्च. तो थोड्याच गिऱ्हाइकांमध्ये वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो.

दुसरं कारण म्हणजे सराव. थिओडोर राइट या इंजिनिअरने १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनाचा अभ्यास करून दाखवलं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की प्रत्येक नगाचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो. याला राइटचा नियम म्हणतात. म्हणजे वस्तू नुसत्या काळामुळे स्वस्त होत नाही, ती जास्त बनवली गेल्यामुळे स्वस्त होते. आणि जास्त बनण्यासाठी आधी कोणीतरी महाग घ्यावी लागते!

आपल्याकडचंच उदाहरण बघा. १९९५ मध्ये भारतात मोबाइल सुरू झाला तेव्हा कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि इनकमिंगचेही पैसे लागायचे. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये.

ईव्हीमध्ये नेमकं काय स्वस्त झालं?

बॅटरी. इलेक्ट्रिक कारमधला सगळ्यात महाग भाग हाच. २०१० च्या सुमारास लिथियम-आयन बॅटरी पॅकची किंमत प्रत्येक किलोवॅट-अवरला एक हजार डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्ग-एनईएफच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरवर आली.

टेस्लाने तर सुरुवातीच्या श्रीमंत गिऱ्हाइकांवरच प्लॅन आखला होता. आधी महागडी स्पोर्ट्स कार विकायची, त्या पैशातून त्याहून स्वस्त कार बनवायची, असं इलॉन मस्कने २००६ मध्येच लिहून ठेवलं होतं. २००८ ची रोडस्टर साधारण एक लाख डॉलरची होती. २०१६ मध्ये मॉडेल ३ जाहीर झाली तेव्हा सांगितलेली किंमत होती ३५ हजार डॉलर.

भारतात टाटा मोटर्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरी स्वस्त झाल्याचं कारण देऊन नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२ लाखांपर्यंत कमी केली. नव्या गिऱ्हाइकांना आनंद, पण जानेवारीत गाडी घेतलेल्याच्या मनात काय आलं असेल, विचार करा. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीची रीसेल किंमतही खाली येते.

किमतीपलीकडचा खर्च

मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा आमच्या भागात सर्व्हिस सेंटर एकच होतं. एकदा डिस्प्ले बंद पडला आणि पार्ट यायला तीन आठवडे लागले. रोज रिक्षाने ऑफिसला गेलो. तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नव्हता.

मग आत्ता घ्यायची की थांबायचं?

एक उदाहरण घेऊया. आकडे अंदाजे आहेत, तुमचे टाकून बघा.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मायलेज १५ धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. घरच्या चार्जिंगला १० रुपये युनिट आणि एका युनिटमध्ये ७ किलोमीटर धरले तर साधारण दीड रुपया. म्हणजे किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचले. ईव्ही ४ लाखांनी महाग असेल तर ते वसूल व्हायला सुमारे ७३ हजार किलोमीटर चालवावी लागेल.

– रोज ८० किलोमीटर: अडीच वर्षं.
– रोज ३० किलोमीटर: साडेसहा वर्षांहून जास्त.
– रोज ३० किलोमीटर, पण सगळं चार्जिंग बाहेर, २१ रुपये युनिटने: नऊ वर्षांच्या वर.

म्हणजे गाडी तीच, किंमत तीच, पण एकासाठी फायद्याचा सौदा आणि दुसऱ्यासाठी नाही.

घेण्याआधी हे तपासा:

– सोसायटीत तुमच्या पार्किंगला चार्जर लावायची परवानगी लेखी मिळते का?
– बॅटरीची वॉरंटी किती? ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी बऱ्याच गाड्यांना मिळते. गाडी विकली तर ती पुढच्या मालकाला लागू होते का, हेही विचारा.
– सर्व्हिस सेंटर किती लांब आहे?
– लोनचं व्याज वरच्या हिशेबात धरलंय का?

रनिंग भरपूर असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर किंमत आणखी उतरायची वाट बघत बसू नका, कारण थांबलेल्या प्रत्येक महिन्यात पेट्रोलचे पैसे जातच असतात. रनिंग कमी असेल तर आहे तीच गाडी अजून दोन-तीन वर्षं खुशाल चालवा.