डेबारचा किनारा आणि मेरी कॅननची शेती

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी आपल्याच कुलांचा व गावांचा इतिहास प्रसिद्ध होत असतो, आणि ते योग्यच आहे. यंदा संपादक मंडळाने मजकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा मात्र सातासमुद्रापलीकडील एका परक्या पुरुषाचे चरित्र निवडण्याचे धाडस मी केले आहे. त्याचे कारण प्रथमच सांगणे बरे. गेली दोन वर्षे मी आपल्या कुलवृत्तांत समितीचे काम पाहत आहे. त्या कागदांत माझ्या आजोबांच्या नावापुढे 'मुंबईस छापखान्यात नोकरी. गावी आठ खंडीची खार जमीन' अशी नोंद आहे. आजीच्या नावापुढे तिच्या माहेरचे आडनाव आहे, आणि बाकी जागा कोरी. आजोबा मुंबईस असताना बावीस वर्षे ती जमीन कोणी राखली, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन उघाडीवर कोण जाऊन बसे, हे त्या कागदावरून कोणासही कळणार नाही. ती कोरी जागा पाहून मला ज्या मनुष्याची आठवण झाली, त्याची ही हकीकत आहे.

जोसेफ फ्रेडरिक वॉलेट डेबार याचा जन्म १७२१ मध्ये झाला असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्याचे घराणे मोंबेलियार प्रांतातील प्रॉटेस्टंट पंथाचे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे बर्नुली घराण्यातील विख्यात गणितज्ञांपाशी त्याने अध्ययन केले. पुढे इंग्लंडमध्ये येऊन वुलिच येथील लष्करी विद्यालयात तटबंदी, मोजणी व रेखन या विद्या तो शिकला, आणि १७५६ मध्ये 'रॉयल अमेरिकन' पलटणीत अधिकारी झाला. इंग्रज व फ्रेंच यांचे सात वर्षांचे युद्ध तेव्हा सुरू झाले होते. इकडे १७५७ मध्ये प्लासी व १७६१ मध्ये पानिपत घडले. त्याच सुमारास तिकडे १७५८ मध्ये लुईबर्गचा किल्ला आणि १७५९ मध्ये क्वेबेक शहर इंग्रजांच्या हाती गेले. या दोन्ही मोहिमांत डेबार लष्करी अभियंता म्हणून हजर होता. सेनापती वुल्फने त्याच्या बाहूंत प्राण सोडला अशी एक आख्यायिका आहे, परंतु तिला विश्वसनीय आधार सापडत नाही. अशा आख्यायिका आपल्याकडेही प्रत्येक घराण्यात एखाददुसरी असतेच! १७६२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या मोहिमेत त्याने जेम्स कुक याच्या जोडीने तेथील बंदरांची मोजणी केली. पुढे पॅसिफिक महासागरातील सफरींनी जगप्रसिद्ध झालेला कुक तो हाच.

युद्ध संपल्यावर नौदल खात्याने डेबारला नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याची मोजणी सांगितली. १७६३ पासून सुमारे दहा वर्षे तो त्या कामात गढलेला होता. उन्हाळ्यात लहान होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने जावयाचे, जमिनीवर पायारेषा आखावयाची, तिच्या दोन टोकांवरून कोन घेऊन खडक, भूशिरे व बेटे यांची स्थाने निश्चित करावयाची, आणि शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली घ्यावयाची, असा तो क्रम असे. सेबल बेट नावाचा वाळूचा एक चंद्रकोरीसारखा पट्टा त्या समुद्रात आहे. तेथे इतकी जहाजे फुटली की, त्यास 'अटलांटिकचे स्मशान' असे नाव पडले. या एका बेटाच्या मोजणीस त्याला दोन हंगाम लागले. या परिश्रमांतून 'अटलांटिक नेपच्यून' हा नकाशासंग्रह लंडनमध्ये १७७४ नंतरच्या दशकात छापला गेला, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज नौदलाने तो वापरला. त्यातील नकाशे केवळ अचूक नव्हेत, तर नेत्रसुखदही आहेत. खलाशास बंदर ओळखता यावे म्हणून समुद्रावरून दिसणाऱ्या किनाऱ्याची चित्रेही त्यांत दिली आहेत. आयुष्यभर वर्गाच्या भिंतीवर नकाशे टांगणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकास या कामाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

येथे विदर्भातील ज्ञातिबांधवांसाठी थोडे विषयांतर करतो. हिंगणघाट येथे १८२३ मध्ये निधन पावलेला व तेथेच पुरला गेलेला विल्यम लॅम्टन, ज्याने हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली, तोही तरुणपणी याच मुलखात होता. नोव्हा स्कोशियातून १७८४ मध्ये वेगळ्या काढलेल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात त्याने सरहद्दीची मोजणी केली होती. ज्या विद्येने आपल्या शेतांना नकाशावर स्थान मिळाले, तिचा एक धागा असा त्या थंड किनाऱ्यापर्यंत जातो.

आता मूळ विषयाकडे वळू. मोजणीच्या काळातच डेबार जमीनदार झाला. फंडीच्या उपसागरालगत फालमथ येथे त्याने घर बांधले व त्यास कॅसल फ्रेडरिक असे नाव दिले. हिवाळ्यात तेथे बसून तो व त्याचे सहायक उन्हाळ्यातील मोजणीचे नकाशे काढीत. पुढे टाटामगूश, मिन्युडी इत्यादी ठिकाणच्या जमिनी मिळून त्याच्या नावे सुमारे ८०,००० एकर भूमी झाली. ही भूमी ओसाड होती असे मात्र कोणी समजू नये. मूळची ती मिकमाक लोकांची. टाटामगूश हे नावदेखील त्यांच्याच भाषेतून आलेले आहे. त्यांनी इंग्रजांशी मैत्रीचे तह केले होते, जमीन विकलेली नव्हती. त्यांच्यानंतर तेथे अकेडियन म्हणविणारे फ्रेंच शेतकरी स्थायिक झाले होते. १७५५ मध्ये इंग्रजांनी त्यांना घरादारांसकट उखडून जहाजांत कोंबले व देशोधडीस लावले. कॅसल फ्रेडरिक उभे राहिले ते अशाच उठविलेल्या वस्तीच्या जागेवर.

या अकेडियनांची शेती कोकणातील वाचकांना चटकन समजेल. फंडीच्या उपसागरात भरतीओहोटीचा फरक काही ठिकाणी ५० फुटांवर जातो. त्या पाण्याला त्यांनी मातीचे व गवताच्या ढेपांचे बांध घातले. बांधाच्या पोटातून लाकडी पन्हळ काढून तिला एक झडप बसविली. भरतीच्या जोराने झडप मिटे व खारे पाणी आत शिरत नसे. ओहोटीस ती आपोआप उघडे व शेतातील पावसाचे पाणी बाहेर जाई. दोनतीन वर्षांत मीठ धुऊन निघाले की जमीन सोन्यासारखी पिके. आपली खारबंदिस्ती व उघाडी याहून निराळी ती काय? आणि ज्यांनी खारबंदिस्ती केली आहे त्यांना हेही ठाऊक आहे की, असा बांध एकदा घालून भागत नाही. एका वर्षाची हयगय झाली, तर दहा वर्षांची माती खारी होते.

म्हणूनच डेबारच्या जमिनी राखणारे माणूस कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. नकाशे छापून घेण्यासाठी तो इंग्लंडला गेला, तो दहा वर्षे परतलाच नाही. मागे कॅसल फ्रेडरिक येथे मेरी कॅनन ही स्त्री होती. ती त्याच्या घरात तरुणपणी आली, आणि त्याच्यापासून तिला सहा मुले झाली. त्याने तिच्याशी विवाह मात्र केला नाही. १७७६ मध्ये त्याने तिला आपल्या जमिनींचा कारभार पाहण्याचा अधिकार दिला. कुळे बसविणे, खंड वसूल करणे, गुरेढोरे व इमारती राखणे, धनको दाराशी आले की त्यांना तोंड देणे, हे सर्व तिच्या माथी आले. मुलेही तिलाच वाढवावी लागली. इतक्या विस्तीर्ण व विखुरलेल्या जमिनी, चांगल्या रस्त्यांचा अभाव, त्यात युद्धाचा काळ! कोणा पुरुष कारभाऱ्याने हे केले असते, तर त्याच्या दक्षतेची प्रशंसा झाली असती.

कुळांचीही बाजू होती. टाटामगूश येथे डेबारने मोंबेलियारकडील, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या प्रांतातील लोक आणून वसविले. मिन्युडी येथे परत आलेले अकेडियन खंडाने शेती करीत होते. ज्यांनी हे बांध घालण्याची विद्या त्या मुलखात आणली, त्यांच्याच वंशजांनी खंड भरून तेथे राबावे, हा दैवाचा खेळ म्हणावा की राज्यकर्त्यांचा? आसपास मालकीची जमीन मिळत असताना खंडाने राहण्यास लोक नाखूष असत, यात आश्चर्य नाही. १७९५ मध्ये कॅप्टन जॉन मॅकडोनाल्ड याने डेबारच्या वतीने या जमिनींची पाहणी करून सविस्तर अहवाल लिहिला. तो स्वतः जमीनदार असूनही कुळांची गाऱ्हाणी त्याने नोंदविली, हे नमूद केले पाहिजे.

डेबार मध्यंतरी १७८४ मध्ये केप ब्रेटन बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर नेमला गेला. १७८५ मध्ये त्याने तेथे सिडनी शहर वसविले. परंतु शिधापुरवठ्यावर अधिकार कोणाचा यावरून लष्करी अधिकाऱ्यांशी त्याचे बिनसले, व १७८७ मध्ये त्यास परत बोलावण्यात आले. पदरचा झालेला खर्च सरकारने द्यावा म्हणून तो पुढे कित्येक वर्षे अर्ज करीत राहिला. दरम्यान मार्था विल्यम्स हिच्यासमवेत त्याचा दुसरा संसार झाला. त्यात अकरा मुले झाली. मेरी कॅनन मागे पडली, आणि पुढे तर कारभारात तिने विश्वासघात केला असे म्हणून त्याने तिच्यावर दावा लावला.

त्या दाव्याचा विचार मनात आला की मला डेबारचा राग येतो, हे मी लपवीत नाही. सरकारने आपला हिशेब वेळेवर चुकता केला नाही म्हणून जो मनुष्य आयुष्यभर कुरकुरला, त्याने स्वतःच्या घरातला हिशेब असा केला! त्याचे अपराध सांगताना त्याचे काम लहान करावयाचे नाही. सेबल बेटाच्या वाळूत होडी घालणारा डेबार आणि मेरी कॅननला न्यायालयात ओढणारा डेबार, हे दोघे एकच. शाळेत मी पहिल्याविषयी पुष्कळ बोललो. दुसरा मला निवृत्तीनंतर भेटला.

१८०४ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीच्या सुमारास, त्याला प्रिन्स एडवर्ड बेटाचे गव्हर्नरपद मिळाले व ते त्याने १८१२ पर्यंत सांभाळले. शंभराव्या वाढदिवशी तो मेजावर चढून नाचला असे लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, २७ ऑक्टोबर १८२४ रोजी हॅलिफॅक्स येथे त्याचे निधन झाले, तेव्हा त्यास एकशेतीन पुरी होण्यास थोडाच अवधी उरला होता. मिन्युडीची जमीन त्याच्या वारसांकडून १८३४ मध्ये एमॉस सीमन नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतली. बांध त्या जमिनीबरोबर गेले, आणि त्यांची डागडुजी दर उधाणानंतर पूर्वीप्रमाणेच करावी लागत राहिली.