नाण्यावरचा बाण : जोगलटेंभीचा ठेवा आणि इतिहासातील क्रम

१/
सन १९०६. नाशिक परिसरात गोदाकाठच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी १३,००० हून अधिक, सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवला होता.

२/
‘एकाच नाण्यावर दोन राजांचे छाप आहेत’ या विधानाला दिशा नाही. नावे उलटसुलट केली तरी अर्थ तोच राहतो. ‘हा छाप त्या छापावर उमटला’ या विधानाला मात्र दिशा आहे. खालचा छाप आधीचा, वरचा नंतरचा. हा बाण उलटा फिरवता येत नाही.

३/
असे बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांच्या रचनेला गणितात दिशायुक्त आलेख म्हणतात. कोणते बिंदू घ्यायचे आणि बाणाचा अर्थ काय, हे आपणच ठरवायचे. येथे बाणाचा अर्थ एकच : ‘याच्या आधी’.

४/
पहिली चूक येथेच होते. आपण राजांनाच बिंदू मानतो. परंतु नहपान आणि गौतमीपुत्र यांचा काळ काही अंशी एकच असू शकतो; मग आधीचा कोण? म्हणून बिंदू माणसांचे नव्हेत, घटनांचे घ्यावेत.

५/
आता पांडवलेणीत चला. लेणे क्र. ३ मधील शिलालेखात गौतमीपुत्राची १८ व्या राज्यवर्षातील आज्ञा आहे. अपरकखडी गावातील २०० निवर्तने शेत तो भिक्षूंना देतो. हे शेत आजवर उषवदाताकडे होते, असे लेखच सांगतो. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. त्याचे दानलेख लेणे क्र. १० मध्ये आहेत.
उषवदाताचा ताबा → १८ व्या वर्षाची आज्ञा.

६/
त्याच लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातला. आपल्या मुलाने क्षहरातांचा निःपात केला, असे ती अभिमानाने नोंदवते.
१८ व्या वर्षाची आज्ञा → बलश्रीचा लेख.

७/
दोन बाण एकामागोमाग जोडले की मार्ग तयार होतो. उषवदाताचा ताबा बलश्रीच्या लेखाआधीचा, हे वेगळा पुरावा न शोधताही सिद्ध होते. आणि बाणांच्या मागे जाता जाता आपण निघालो त्याच बिंदूशी परतलो, तर त्या वर्तुळाचा अर्थ एकच : एखादा पुरावा आपण चुकीचा वाचला आहे. काळाच्या आलेखात चक्राला जागा नाही.

८/
आता खरा कस. नाणी आधी पुन्हा छापली गेली, की शेत आधी दिले गेले? या दोन बिंदूंमध्ये कोणत्याही दिशेने मार्ग नाही. ‘आधी विजय, मग दान, मग नाणी’ ही गोष्ट ऐकायला छान वाटते. पण तो बाण पुराव्याने काढलेला नाही, आपल्या कल्पनेने काढलेला आहे. अनुमान करावे, मात्र ती रेघ तुटक असावी.

९/
आणखी एक मर्यादा. बाण क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. नहपानकालीन लेखांत ४१, ४२, ४५, ४६ ही वर्षे येतात. काही अभ्यासक ती इ. स. ७८ पासूनच्या शक संवताची मानतात, काही नहपानाची राज्यवर्षे. पहिल्या मताने ४६ वे वर्ष इ. स. १२४ च्या सुमारास येते. दुसऱ्या मताने सारा काळ मागे सरकू शकतो. सनावळी बदलते, वरचा एकही बाण मात्र फिरत नाही.

१०/
म्हणून मित्रहो, इतिहासातील एखादा वाद समोर आला की प्रथम सन विचारू नका. कागदावर घटनांचे बिंदू मांडा आणि प्रत्येक बाणाला विचारा : तुला कोणत्या पुराव्याने काढले? ज्याला उत्तर देता येणार नाही, तो खोडा. उरेल तो इतिहास थोडा असेल, पण भक्कम असेल.