नंबर लागण्याची खात्री

मराठीत ‘नंबर लावणे’ आणि ‘नंबर लागणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. पहिल्यात माणसाचा प्रयत्न आहे, दुसऱ्यात व्यवस्थेचे उत्तर आहे. रेशनच्या दुकानात, नळावर, दवाखान्यात आपण नंबर लावत आलो आणि तो कधीतरी लागत आला. १९७० च्या दशकात या क्रियापदाचे सर्वांत प्रतिष्ठित कर्म होते ‘स्कूटर’. पियाजिओबरोबरचा व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी बजाज ऑटोची ‘चेतक’ आली. परवानाराज्यात उत्पादनाचा आकडा सरकार ठरवी. मागणी त्याच्या कितीतरी पुढे असे. त्यामुळे मध्यमवर्गीय माणूस पैसे भरून स्कूटरला नंबर लावी आणि आठ-दहा वर्षे थांबे. मुलीच्या जन्माच्या सुमारास लावलेला नंबर ती चौथी-पाचवीत गेल्यावर लागला, तरी कुणाला त्याचे फारसे आश्चर्य वाटत नसे.

ज्या समाजाने आकुर्डीच्या स्कूटरसाठी दहा वर्षे रांगेत काढली, तोच समाज आज चाकणच्या तळेगाव चौकात नव्वद सेकंद थांबायला तयार नाही. दुचाकी पदपथावर चढते, रिक्षा उलट्या दिशेने घुसते, मोटार शेजारच्या रांगेत नाक खुपसते आणि कंटेनर या सगळ्यांच्या मधोमध पाय रोवून उभा राहतो. मग या समाजाला संयम आहे की नाही? प्रश्न असा विचारला तर उत्तर मिळत नाही. तो इतिहासाच्या अंगाने विचारावा लागतो, आणि त्यासाठी पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कारण देशाला वाहने पुरवणारा हा मुलूख स्वतः वाहनांत अडकून पडला आहे.

‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे या प्रश्नाचे सर्वांत लोकप्रिय उत्तर आहे. परदेशवारी करून आलेला प्रत्येक जण ते पुराव्यासह सांगतो. पण त्याच पुराव्यात एक अडचण आहे. सिंगापूरला किंवा जर्मनीत नोकरीला गेलेला आपला माणूस महिन्याभरात तिथल्यासारखी गाडी चालवू लागतो. सुट्टीवर परतला की आठवड्यात पुन्हा इथल्यासारखी. शिस्त रक्तातच असती वा नसती, तर ती विमानात बसताना बदलली नसती.

आता थोडे या पट्ट्याविषयी. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे मार्गाला आजचे रूप येऊ लागले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी ही या मार्गालगतची गावे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे चिंचवडचे नाव आधीपासून होते, एवढेच. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, पाठोपाठ भूसंपादन सुरू झाले. त्याच दशकात बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो आकुर्डीत स्थिरावल्या, १९६६ मध्ये टेल्कोचा पुणे प्रकल्प आला. नगरपालिका मात्र स्थापन झाली ती १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे आधी कारखाने, मग कामगारांच्या वस्त्या आणि सर्वांत शेवटी नगर. या उलट्या क्रमामुळे परगावी जाणारा महामार्गच इथला गावरस्ता झाला. मुंबईकडे निघालेला मालट्रक आणि कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेली सायकल यांना एकाच पट्टीवर आणून सोडले गेले. १९७२ च्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डी परिसरात आधी रस्ते आखून मग घरे बांधली. त्या भागात आजही वाहनांची वागणूक काहीशी सौम्य आढळते. तिथे राहणारी माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत.

चाकणने हाच इतिहास अधिक वेगाने गिरवला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याची बाजारपेठ ही या गावाची जुनी ओळख. गेल्या शतकाच्या अखेरीस बजाजचा कारखाना इथे आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला आणि पिंपरीतून मर्सिडीज-बेंझही इथे आली. मग महिंद्र आणि सुटे भाग करणाऱ्या असंख्य कंपन्या. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी ही नावे सातबाऱ्यावरून उठून मालाच्या पावत्यांवर गेली. गावाला नगरपरिषद मिळाली ती यानंतर. पुणे-नाशिक आणि तळेगाव-शिक्रापूर असे दोन महामार्ग गावातच एकमेकांना छेदतात. रस्ता एक आणि धनी अनेक: महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम खाते, औद्योगिक महामंडळ, नगरपरिषद, ग्रामपंचायती, २०१५ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले ते १५ ऑगस्ट २०१८ रोजी. कोंडी झाली की दाद कुणाकडे मागायची, याचा शोध घेण्यातच पाळी सुटायची वेळ होते.

‘पाळी’ हाही इथला एक कळीचा शब्द. कारखान्यातली पाळी म्हणजे शिफ्ट. पण मराठीत पाळी म्हणजे आपल्या वाट्याला येणारी वेळही. या पट्ट्यातला कामगार पहिल्या अर्थाची पाळी काटेकोर पाळतो. गेटच्या आत पिवळ्या रेषांनी आखलेल्या वाटेवरूनच चालायचे, फोर्कलिफ्टला जागा द्यायची, वेगमर्यादेची पाटी मानायची, डोक्यावर हेल्मेट ठेवायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. हेल्मेटविरुद्ध कारखान्यात मोर्चा निघाल्याचे कधी ऐकिवात नाही. शेजारच्या पुण्यात मात्र १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी हाती घेतली तेव्हा तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत शिस्तीने वागलेला माणूस गेटबाहेर पडून दुचाकीला किक मारतो आणि दुभाजकाच्या फटीतून उलट्या बाजूला जातो. माणूस तोच; बदलते ती भोवतालची व्यवस्था.

आज आपण ज्या देशांची उदाहरणे देतो, त्यांचा इतिहासही तपासला पाहिजे. जपानमध्ये १९७० साली रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. वर्तमानपत्रे त्याला ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी तिथे रस्ते सुरक्षेचा मूलभूत कायदा झाला. पदपथ, सिग्नल, प्रशिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या पंचवार्षिक योजना आखल्या गेल्या. २०२० मध्ये हा आकडा २,८३९ वर आला. सायकलींचा देश म्हणून आपण ज्या नेदरलँड्सचे कौतुक करतो, तिथे १९७१ मध्ये तीन हजारांहून अधिक लोक अपघातांत दगावले, त्यांत शेकडो मुले होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे म्हणत पालक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे आजच्या सायकल मार्गांना चालना मिळाली. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तिथे एका दिवसात बदलली. मात्र त्या दिवसामागे कित्येक वर्षांची तयारी होती. जपानी वा डच माणसाचा स्वभाव १९७१ नंतर अचानक सुधारला, असे कुणीच म्हणणार नाही.

या संदर्भात इंग्लंडमधली एक घटना मला सर्वांत बोलकी वाटते. तिथल्या वर्तुळाकार चौकांत पूर्वी वाहने वारंवार अडकून पडत. आत शिरणारा आणि आतून फिरणारा यांपैकी आधी कोणी जायचे, हे ठरलेले नव्हते. सगळे आत शिरत आणि बाहेर कुणालाच पडता येत नसे. इंग्रज माणसाच्या रांगप्रियतेचे गोडवे जगभर गायले जातात, पण त्या चौकात ती रांगप्रियता निरुपयोगी ठरली. नोव्हेंबर १९६६ मध्ये नियम झाला: उजवीकडून, म्हणजे चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. गाठ सुटली. पुढे तर तसे चौक मुद्दाम बांधले जाऊ लागले. तिथे नवी नीतिमत्ता आणावी लागली नाही. कुणाचा नंबर आधी, एवढे ठरवावे लागले आणि तो लागतो, हे लोकांना अनुभवास यावे लागले.

उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम आपल्याकडेही आहे. १९८९ च्या नियमावलीत तो होता, २०१७ मध्ये आलेल्या नियमावलीतही आहे. पण तळेगाव चौकात त्याचा आधार घेऊन थांबणाऱ्याचे काय होते? त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत चार दुचाकी येतात, मागचा भोंगा वाजवतो आणि सिग्नल पुन्हा लाल होतो. थांबण्याची किंमत त्याने मोजली, लाभ दुसऱ्याने घेतला. दोन-चार दिवसांत तोही नाक खुपसायला शिकतो. हा त्याच्या मनाचा ऱ्हास म्हणण्यापेक्षा त्याने परिस्थितीचा केलेला हिशेब म्हणावा लागेल.

स्कूटरच्या दहा वर्षांच्या प्रतीक्षेचे रहस्यही इथेच आहे. ती व्यवस्था न्याय्य होती असे नाही. परकीय चलन असणाऱ्याला तिथेही लवकर वाट मिळे. तरी सामान्य माणसाच्या हाती पावती असे, पावतीवर क्रमांक असे आणि तो क्रमांक मागे जाणार नाही अशी खात्री असे. रस्त्यावर आपल्या गाडीला ‘एमएच १४’ ने सुरू होणारा नंबर मिळतो, पण चौकात आपला नंबर कधी लागेल, हे कुणीच सांगत नाही.

रस्त्यावरच्या क्रमाची परंपराच आपल्याकडे नव्हती, असेही नाही. ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि याच जुन्या महामार्गाने पुण्यात जाते. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्याला हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात जी घडी घालून दिली, ती आजही टिकून आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि लाखोंचा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन तिचे म्हणणे ऐकतो, मग आरती होते. क्रम ठरलेला आहे, तो सांभाळणारा समोर उभा आहे आणि तक्रार ऐकली जाण्याची सोय आहे. या तिन्ही गोष्टी जिथे आहेत तिथे आपलीच माणसे ऊनपावसात मैलोन्‌मैल रांगेने चालतात.

यावर एक आक्षेप योग्य आहे. वातानुकूलित मोटारीतला, कुठलीच घाई नसलेला माणूसही सिग्नल मोडतो. त्याला व्यवस्थेचा बळी कसे म्हणावे? म्हणू नये. त्याला दंडच व्हावा. पण दंडाचा धाकही खात्रीतूनच निर्माण होतो. दहांपैकी एकदा होणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा दर वेळी होणारा लहान दंड माणसाला लवकर वळण लावतो, आणि तो सगळ्यांना सारखा होतो असे दिसले तरच त्याला मान मिळतो.

हा विषय केवळ गैरसोयीचा असता तर एवढा ऊहापोह नको होता. २०२२ मध्ये भारतातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा होता. चाकणच्या रस्त्यावर या आकड्याला चेहरा येतो. कायम कामगारांसाठी बहुधा कंपनीची बस असते. कंत्राटी कामगार, मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला विशीतला मुलगा, रात्रपाळी संपवून झोपाळलेल्या डोळ्यांनी दोन कंटेनरांच्या मधून दुचाकी काढतो किंवा शेअर रिक्षात कडेला लटकतो. त्याने जुळवलेले वाहन कदाचित त्याच कंटेनरमधून बंदराकडे निघालेले असते. आकुर्डीच्या कंपनीच्या रिक्षा जाकार्ता आणि दारेसलाममध्ये इतक्या रुळल्या की ‘बजाज’ हे तिथे रिक्षेचे सामान्यनाम झाले, जसे हॅम्बुर्गच्या कंपनीचे ‘टेम्पो’ हे नाव आपण आपलेसे केले. इथून वाहने जगभर पोहोचतात, तशी शब्दांचीही देवाणघेवाण होते. मात्र रात्रपाळीच्या या मुलाला खोलीवर सुखरूप पोहोचण्याची हमी मिळत नाही.

त्याला शिस्तीचे व्याख्यान देण्यापूर्वी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. पाळ्या सुटण्याच्या वेळा कंपन्यांनी आपापसांत ठरवून मागेपुढे केल्या आहेत का? पीएमपीएमएलची बस रात्री अकरानंतर त्याच्या गेटपाशी येते का? अवजड वाहनांसाठी ठरवलेल्या वेळा खरोखर पाळल्या जातात का? दुचाकीला वेगळी पट्टी आहे का? चौकात थांबलेल्या माणसाचा नंबर पुढच्या हिरव्या दिव्याला नक्की लागतो का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येऊ लागली, तर तो मुलगा थांबेल. इथल्या माणसांनी याहून फार मोठ्या रांगा पाहिलेल्या आहेत.