बेपत्ता आणि बेवारस

हरवलेल्या मुलांसाठी दोन शब्द सरकारी कागदांतून आपल्या रोजच्या बोलण्यात आले आहेत. एक ‘बेपत्ता’ आणि दुसरा ‘बेवारस’. दोहोंच्या आरंभी ‘बे’ हा फारसी उपसर्ग आहे, दोहोंत काहीतरी नसल्याचे सांगितले आहे, म्हणून आपण ते जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ते दोन वेगळ्या ठिकाणी उभे राहून उच्चारलेले शब्द होत. बेपत्ता म्हणणारा माणूस घराच्या दारात उभा असतो. कालपर्यंत मूल येथे होते, आज ते नाही, हे त्याला ठाऊक असते. बेवारस म्हणणारा रेल्वेच्या फलाटावर, रुग्णालयात किंवा पोलीस ठाण्यात उभा असतो. मूल त्याच्यासमोर असते, पण ते कोणाचे हे त्याला ठाऊक नसते. एकच मूल एका गावी बेपत्ता आणि दुसऱ्या गावी बेवारस असू शकते. या दोन नोंदी एकमेकींना भेटल्या नाहीत, तर ते कायमचे हरवते. मुलांच्या हरवण्याचा आपल्याकडील इतिहास लिहायचा झाल्यास तो बव्हंशी या न झालेल्या भेटीचाच इतिहास ठरेल, असे आम्हांस वाटते.

अमरावतीकरांना उन्हाळी शिबिर ही काही नवी गोष्ट नाही. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर उन्हाळ्यात मुलांचे थवे जमतात, हे दृश्य येथील अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. अशा कोणत्याही शिबिराचा पहिला विधी म्हणजे हजेरी. नाव, वय, पालकाचे नाव आणि पत्ता. आम्ही अध्यापनाच्या व्यवसायातील माणसे. हजेरीपटाचा कंटाळा आमच्याइतका कोणाला असणार? पण मूल हरवले की हाच कंटाळवाणा कागद पहिला पुरावा होतो. मूल केव्हापर्यंत होते, कोणाजवळ होते, केव्हापासून नाही, हे तो कागद सांगतो.

शिबिरातून मूल नाहीसे होण्याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६० सालच्या जुलैत लॉस एंजेलिसजवळच्या एंजेलिस राष्ट्रीय अरण्यात ‘वायएमसीए’च्या शिबिराला गेलेला सहा वर्षांचा एक मुलगा पायी फिरण्याच्या वेळी दमला. मार्गदर्शकाने त्याला मागे धाडले. शिबिर अगदी जवळ होते. तो तेथे पोहोचला नाही. मोठा शोध झाला, हाती काही लागले नाही. पुढे एका बालहत्याऱ्यावर संशय व्यक्त झाला, तोही सिद्ध झाला नाही. १४ जून १९६९ रोजी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी पर्वतात कुटुंबासह मुक्कामाला आलेला असाच एक सहा वर्षांचा मुलगा मोठ्यांना चकवण्यासाठी झुडपाआड लपला, तो पुन्हा दिसला नाही. त्या रात्री मुसळधार पाऊस झाला. शोधकर्त्यांची संख्या पुढे चौदाशेच्या घरात गेली, सैनिकही आले. इतक्या माणसांच्या पायांखाली मुलाच्या पाऊलखुणा पुसल्या गेल्या असाव्यात, असे नंतरच्या परीक्षणात दिसून आले आणि तेथील राष्ट्रीय उद्यानांनी शोधाच्या पद्धतीच बदलल्या.

ही दोन्ही मुले सापडली नाहीत. तरीही त्यांच्या हरवण्याची तारीख, जागा, शेवटी कोणी पाहिले, किती जणांनी शोधले, शोधात काय चुकले, हे सारे लिहिलेले आहे. म्हणजे त्या प्रकरणांत उत्तर नसले तरी प्रश्न पूर्ण स्वरूपात जपला गेला आहे. आमच्या मते इतिहासाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९९० ते १९९६ या काळात आपल्या राज्यात मुले नाहीशी होत होती. देवळे, जत्रा, बसस्थानके, रेल्वे स्थानके, अशा गर्दीच्या जागी. पाकीटमारी आणि दागिने चोरणे हा अंजनाबाई गावित आणि तिच्या रेणुका शिंदे व सीमा गावित या मुलींचा व्यवसाय होता. एकदा चोरी करताना रेणुका पकडली गेली. तिच्या कडेवर मूल होते. लेकुरवाळी बाई चोरी करील काय, असे म्हणून लोकांनी तिला सोडले. त्या दिवसापासून मूल हे या कुटुंबाच्या लेखी ढाल झाले. पळवायचे, चोरीच्या वेळी जवळ बाळगायचे, आणि रडून अडचण करू लागले की संपवायचे. पहिले मूल कोल्हापुरातील एका भीक मागणाऱ्या स्त्रीचे होते.

या प्रकरणाच्या क्रौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याची आम्हांस इच्छा नाही. आम्हांस अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. सहा वर्षे हे चालले आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, कल्याण येथील हरवण्याच्या घटना एका सुतात कोणी ओवल्या नाहीत. भीक मागणाऱ्या आईची हाक कोणत्या ठाण्यात किती ऐकली जाते, हे वाचकांना सांगावयास नको. प्रकरण उघडकीस आले ते अंजनाबाईच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातील नऊ वर्षांच्या मुलीमुळे. तिच्या आईला संशय कोणावर घ्यायचा हे ठाऊक होते. तिने नावे घेतली आणि १९९६ च्या नोव्हेंबरात अटक झाली. इतर मुलांच्या आयांजवळ घ्यायला नाव नव्हते.

अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच तुरुंगात मरण पावली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला. अर्जाच्या निर्णयास झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. तेरा मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी नऊ मुलांचे खून असा आरोप होता. अखेरीस सिद्ध झालेले खून पाच. वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले. परंतु नऊमधून पाच वजा केल्यावर चार उरतात. त्या चार मुलांचे हरवणे न्यायाच्या भाषेत आजही अनिर्णित आहे. कॅलिफोर्नियातील त्या एका मुलाप्रमाणेच, फक्त त्यांच्यामागे हजेरीपट नाही.

हा दोष एखाद्या ठाण्याचा नव्हता, तो पद्धतीतच होता. मूल हरवल्याची तक्रार ही दीर्घकाळ आपल्याकडे गुन्ह्याची नोंद मानली जात नसे. ‘मिसिंग’च्या वहीत एक ओळ पडे आणि तपासाची सक्ती निर्माण होत नसे. नोएडाजवळच्या निठारी गावातील गरीब पालक मुले हरवल्याचे सांगत राहिले, आणि २००६ च्या डिसेंबरात एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडे सापडली तेव्हा देश जागा झाला. त्या प्रकरणातही अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ साली दिलेली निर्दोष मुक्तता सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली कायम केली. म्हणजे निठारीची मुले कोणी मारली, या प्रश्नाला कायद्याजवळ आज उत्तर नाही. मधल्या काळात, १० मे २०१३ रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलना’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम माहिती अहवाल नोंदवावा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरूनच तपास सुरू करावा. हजेरीपट नसलेल्या मुलांसाठी हजेरीपट सक्तीचा करणारा हा आदेश होय. तो स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षांनी आला.

येथवर आपण दाराशी उभ्या असलेल्या माणसाबरोबर होतो. आता दुसऱ्या टोकाला जाऊ. त्यासाठी आम्हांस अमरावती जिल्ह्याबाहेर पडण्याची गरज नाही. मेळघाटाच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळ वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचे एक बालगृह आहे. राज्यभरातील फलाटांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, कचराकुंड्यांत सापडलेली मतिमंद, मूकबधिर, अंध अशी सव्वाशेच्या आसपास मुले तेथे वाढली. संत गाडगेबाबांच्या विचाराने भारलेले आणि पूर्वी ‘देवकीनंदन गोपाला’ हे मासिक काढणारे शंकरबाबा पापळकर हे त्यांचे पिता. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या बालगृहाला नाव आहे अंबादासपंत वैद्य यांचे. ज्यांच्या मैदानावर नाव-पत्ता लिहून मुले उन्हाळ्यात येतात, त्यांच्याच नावाच्या छपराखाली नाव-पत्ता नसलेली मुले राहतात. वऱ्हाडाच्या इतिहासात हा योग सहज जुळून आला आहे, पण तो विसरण्यासारखा नाही.

वझ्झरची बहुतेक मुले टाकून दिलेली असणार, हे मान्य. पण टाकलेले कोणते आणि चुकलेले कोणते, हे ज्या मुलाला बोलताच येत नाही त्याच्याकडून कळावे कसे? गीता या मूकबधिर मुलीचे उदाहरण येथे आठवते. ती लहानपणी रेल्वेने पाकिस्तानात पोहोचली, कराचीच्या एधी संस्थेने तिला सांभाळले आणि २०१५ च्या ऑक्टोबरात ती भारतात परतली. ती आपलीच मुलगी आहे असे सांगत वेगवेगळ्या राज्यांतून दांपत्ये पुढे आली. डीएनए चाचण्या जुळल्या नाहीत. शोध अखेरीस मराठवाड्यात आला आणि २०२१ साली तेथील एका स्त्रीशी तिचे नाते जुळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या इतर दांपत्यांकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही. ती सगळीच खोटे बोलत होती असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येकाची एकेक मुलगी कधीतरी हरवली असावी, आणि ती कोठेतरी बेवारस म्हणून वाढत असेल अशी आशा त्यांनी सोडली नसावी.

पापळकरांनी वझ्झरच्या मुलांना पित्याच्या रकान्यात स्वतःचे नाव दिले. त्यांची ओळखपत्रे झाली, काहींची लग्ने झाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना बालगृहाबाहेर काढणारा नियम बदलावा, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. लोक या साऱ्याला करुणा म्हणतात, आणि ती आहेच. आम्ही मात्र तिच्याकडे नोंदीचे काम म्हणूनही पाहतो. ज्या मुलाविषयी कोणीही एक ओळ लिहून ठेवली नव्हती, त्याच्याविषयी येथे प्रथमच काही लिहिले गेले.

आज हरवलेल्या आणि सापडलेल्या मुलांची छायाचित्रे एकाच संकेतस्थळावर ताडून पाहण्याची सोय झाली आहे. येथून पुढच्या मुलांना तिचा उपयोग होईल. १९९० च्या दशकात हरवलेल्या गरिबांच्या मुलांची मात्र बहुधा छायाचित्रेच नव्हती. त्यांच्यासाठी उरतात त्या जुन्या ‘मिसिंग’च्या वह्या आणि बालगृहांची जुनी प्रवेशपुस्तके. जिल्ह्याजिल्ह्याच्या इतिहासमंडळांनी, आमच्यासारख्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, संबंधितांची अनुमती घेऊन, या दोन प्रकारच्या वह्या वाळवी लागण्यापूर्वी एका टेबलावर आणाव्यात. त्यातून एखादे मूल घरी परतेलच असे नाही, ती मुले आता तिशी-पस्तिशीची झाली असतील. पण कोणते मूल कोणत्या दिवशी कोठून नाहीसे झाले, हा प्रश्न तरी त्यांच्या नावावर पूर्ण लिहिला जाईल.